अर्जदार क्रमांक दोन

तामलवाडी,
११ नोव्हेंबर १९७४

जाई,

काल सोसायटीपुढं जीप थांबली. मी आत खताची पोती लावून घेत होतो. उतरलेला माणूस पोलिसासारखा दिसत नव्हता, म्हणून मला वाटलं सहकार खात्याचा असेल. त्यानं चेअरमन आबारावांना नमस्कार केला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "श्रीपती ओव्हाळ यांची मुलगी जाई. कशी आहे?"

आबाराव म्हणाले, "ती मुंबईला असती. तब्येतीचं आमाला काय म्हाईत?"

"तब्येत नाही हो. चालचलणूक."

आबारावांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्या गावाला जे माहीत आहे ते त्यांनाही माहीत आहे. पण ते म्हणाले, "पोरगी सोन्यासारखी हाय, साहेब. बापानं दुष्काळात खडी फोडून शिकवली. गावातली पहिली सायन्सची पदवी तिची. तुमच्या अणुकेंद्रात लागली म्हणून आमी पेढे वाटले हुते."

साहेबानं तेवढं लिहून घेतलं. मग बॅगेतून एक कागद काढला आणि टेबलावर सरळ केला. "आणि हा अर्ज तुमच्याच गावचा ना?"

माझं अक्षर मला पाच हातांवरून ओळखू आलं.

जूनमध्ये मी तुला लिहिलं होतं, असा असा अर्ज करतोय, तुझी सही पाहिजे. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. पोस्टात गहाळ झालं असं धरून मी चाललोय. म्हणून पुन्हा सांगतो.

मे महिन्यात पोखरणला स्फोट झाला तेव्हा आबारावांच्या रेडिओभोवती अख्खं गाव बसलं होतं. शांततेसाठी केलेला स्फोट आहे, पुढं खाणी आणि कालवे खणायला कामाला येईल, असं बातमीत आलं. आबाराव लगेच म्हणाले, "मग महालिंगा, कर की अर्ज. एक आमच्या पाझर तलावाला द्या म्हणावं. तीन वर्षं झाली, नुसता खडकच लागतोय."

लोक हसले. माझं डोकं फिरलं. कसं फिरतं ते तुला ठाऊक आहे. दोन वर्षांमागं आपण अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली, आणि त्याच दिवसांत कुणीतरी त्या वाळवंटात खड्डा खणत असणार. ज्यांच्याकडं हजारांनी बॉम्ब आहेत ते दुसऱ्याला म्हणतात, तू करू नको. आपण करतो आणि म्हणतो, हा बॉम्बच नाही. कॅनडानं अणुभट्टीची मदत थांबवली, तर इकडं पेढे. मला वाटलं, कुणीतरी सरळ विचारायला पाहिजे. म्हणून अर्ज लिहिला: सगळ्या देशांच्या भट्ट्या मोजा. आधी मोठ्यांच्या, मग आमच्या, पण आमच्याही मोजा. मोठ्यांना तेच कलम लावा आणि मग आपल्या सरकारनं अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही करावी. एकशे बारा ग्रामस्थांच्या सह्या. प्रत माहितीसाठी: पंतप्रधान, कॅनडाची वकिलात, अमेरिकेची वकिलात, कलेक्टर, तहसीलदार. मूळ अर्ज व्हिएन्नाला, अणुऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडं, सोबत मीच डिक्शनरी घेऊन केलेलं इंग्रजी.

तू म्हणशील, भट्ट्या मोजण्यातलं याला काय कळतं. शेजारच्या एका गावच्या सोसायटीत मिलोच्या पोत्यांची थप्पी बाहेरून पूर्ण दिसायची आणि आत पोकळ असायची. तपासणीस दारातनं मोजून जायचा. एक जण आला त्यानं थप्पीवर चढून आत पाय सोडला, तेव्हा कळलं. अणूचंही तेच आहे. दारातनं मोजून भागत नाही.

असो. मुद्दा असा, की त्या अर्जावर तुझं नाव आहे. दुसऱ्या क्रमांकावर. पुढं लिहिलंय, "प्रशिक्षणार्थी, अणुकेंद्र, मुंबई."

ते कुणी टाकलं याचा मी तपास करतोय. तू घाबरू नकोस.

महालिंग

&nbsp;

तामलवाडी,
१९ नोव्हेंबर १९७४

जाई,

परवा श्रीपतीमामा तुझं पत्र घेऊन आले. नेहमीसारखे सोसायटीच्या पायरीवर बसले. आत या म्हटलं तर म्हणाले, "हितं हवा लागती, धाकले शेठ. वाचा."

मी वाचलं. तुझा बिल्ला काढून घेतलाय. आत सोडत नाहीत. गेटाबाहेरच्या इमारतीत एका खोलीत बसवतात आणि तू दिवसभर पुस्तक वाचतेस. जानेवारीअखेर तुझं प्रशिक्षणाचं वर्ष भरतं. तोवर चौकशी मिटली नाही तर घरी पाठवतील. "कुणीतरी माझ्या नावानं परदेशात अर्ज केलाय. बाबा, मी केलेला नाही."

मामा म्हणाले, "परदेशात म्हंजी कुठं?"

"व्हिएन्नाला. लई लांब. युरोपात."

"मग एवढ्या लांबच्यास्नी माझ्या पोरीचं नाव कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, शोधतोय. ते म्हणाले, "शोधा. तुमी शिकलेले हाव." आणि घडी करून पत्र पटक्यात ठेवून गेले.

जाई, शोधायचं काही नाही. मी टाकलं.

पण कसं टाकलं ते ऐक. दुष्काळात खडीचं सरकारी काम उघडायला पन्नास मजुरांची नावं लागायची. गावात तेव्हा तीस माणसं होती, बाकीची सोलापुरात नाहीतर पुण्याकडं. मी त्यांची नावं लिहायचो आणि सह्या-अंगठे आम्ही चौघं मिळून करायचो. उजव्या हाताचा, डाव्या हाताचा, एकदा तर पायाचा. तहसिलातल्या कारकुनाला सगळं कळायचं. तो म्हणायचा, "पन्नास भरले का? भरले. चला." काम उघडलं की माणसं परत यायची आणि हजेरीपटावर आपली खरी सही करायची. गैरहजर माणसाचं नाव टाकण्यात कुणाला खोटं वाटलं नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं ते होतं. तुझ्या वडलांचं नाव मी असंच तीनदा टाकलंय आणि तीनदा त्यांना काम मिळालंय.

या अर्जालाही लोक तसेच आले. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या ओट्यावर मी बसलो. धुरपताबाई आली. "कशाचा रं अर्ज? तलावाचा का?"

"न्हाय मावशी, अणुबॉम्बचा."

"मिळणार हाय का?"

"नको म्हणायला अर्ज आहे."

"नको म्हणायला बी अर्ज लागतो व्हय? बरं, कुठं उठवू अंगठा?"

एकशे बारातले तेवीस जण गावात नव्हते. त्यांची मी टाकली. दुष्काळातल्या नमुन्यात "व्यवसाय" असा रकाना असायचा, तो हाताच्या सवयीनं याही अर्जावर आखला. सगळीकडं शेती, मजुरी, शेती, मजुरी. तुझ्यापुढं जे खरं ते लिहिलं. ते व्हिएन्नाला कसं दिसेल, मुंबईला कसं दिसेल, याचा विचार केला नाही. एवढीच चूक.

महालिंग

&nbsp;

तामलवाडी,
२ डिसेंबर १९७४

जाई,

"एवढीच चूक" असं मागच्या पत्रात लिहिलं आणि तेव्हापासून झोप नाही. शेतात ज्वारी पोटरीला आलीय, औंदा बरी आहे, सगळे खुशीत आहेत. मला नुसता शीण आलाय. बावीस वर्षांच्या माणसाला इतका शीण येऊ नये.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी मामांना वाचून दाखवली नाही. "हे पत्र महालिंगकडून वाचून घेऊ नका, मास्तरांकडं जा." ती ओळ शेवटी होती. तिथवर आलो तेव्हा सगळं वाचून झालं होतं. मामांनी विचारलं, "संपलं?" मी म्हणालो, संपलं.

दुसरं. तुझं जुलैचं उत्तर गहाळ झालेलं नाही. एकोणतीस जुलैला पोस्टमननं माझ्या हातात दिलं. तेव्हापासून ते माझ्या ट्रंकेत आहे, कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वहीत. तू सही करणार नाहीस हे त्यात स्पष्ट लिहिलंस. नाव वापरू नकोस हेही लिहिलंस. आणखी जे लिहिलंस ते मला इथं पुन्हा लिहवत नाही.

ते मिळाल्यावर सतरा दिवसांनी मी तुझी सही केली.

बाकीच्या बावीस जणांची केली ती रीतीनं केली. तुझी रीतीनं नाही केली. ती वही तुझी आहे. धाराशिवला दुसऱ्या वर्षाला असताना तू मला उतरवून घ्यायला दिली होतीस, ती मी परत केली नाही. तीतली तुझी सही मी आदल्या दिवशी दुपारभर गिरवली. ओट्यावर बसलो तेव्हा पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं, दुसरी ओळ मोकळी ठेवली, आणि सगळे गेल्यावर ती भरली. एका कागदावर, एकाखाली एक. दुसऱ्या कुठल्या कागदावर ही दोन नावं अशी कोण छापणार होतं? लग्नपत्रिका तर कुणी काढणार नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मला बॉम्ब दिसतच नव्हता.

आणि कॉलेजचं. दुष्काळामुळं सोडलं असं मी सांगत फिरतो. घरचं दुकान चालू होतं, अप्पा फी द्यायला तयार होते. तू मला भेटायचं बंद केलंस, मग मी वर्गात जायचं बंद केलं. दुष्काळाचं नाव घेतलं की कुणी पुढं विचारत नाही.

परवा धाराशिवला जातो. जीपवाल्या साहेबाचं ऑफिस कचेरीच्या मागं आहे म्हणतात. सगळं सांगून टाकतो.

महालिंग

&nbsp;

तामलवाडी,
१५ डिसेंबर १९७४

जाई,

हे पत्र आधी कोण वाचणार ते आता मला माहीत आहे. तरी लिहितो.

तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला तुळजापुरात एसटी बिघडली आणि पोचेपर्यंत कचेरी बंद. तिसऱ्या खेपेला भेटले. मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि कपाटातून एक फाईल काढली. तीत माझी तिन्ही पत्रं होती. तुला लिहिलेली. कडेनं नीट उघडलेली.

"मिस्टर कोरे, तुमचं अक्षर चांगलंय," म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, दुसऱ्याची पत्रं उघडता, लाज नाही वाटत? ते म्हणाले, "दुसऱ्याची सही करता, तुम्हाला वाटली का?" मी खाली बसलो.

मग त्यांनीच सांगितलं. व्हिएन्नाला माझा अर्ज खरोखर पोचला. त्यांनी तो वाचला, आणि आमचा व्यवहार सरकारांशी असतो, गावांशी नाही, असं म्हणून सभ्यपणे दिल्लीकडं पाठवून दिला. योग्य त्या कार्यवाहीसाठी. तलाठ्याविरुद्धचा अर्ज फिरत फिरत तलाठ्याकडंच येतो, तसंच. जगात सगळीकडं एकच पद्धत आहे हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो मोजणारे लोक गाडीत बसून येतील. ते येतात, पण ज्या भट्टीबद्दल दोन सरकारांचा करार आहे तिथंच येतात. बाकीच्या दारावरून नुसतं जायचं. साहेब हे सगळं न चिडता सांगत होते. त्यांनाही शीण आलेला दिसत होता.

मी म्हणालो, "पण मी कबूल केलंय ना. तुमच्या हातातच आहे. तिला आत सोडा."

"कबुली पत्रात आहे. पत्रं उघडली जातात हे आत काम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. तिनंच तुम्हाला असं लिहायला सांगितलं नसेल कशावरून? केंद्रातली मुलगी परदेशी संस्थेला पत्र पाठवते, पकडली जाते, मग गावाकडचा एक जण म्हणतो सही माझी. असे बरेच येतात."

"मी खोटं बोलत नाही."

"आजवर बोललातच की. पहिल्या पत्रात 'तपास करतोय', दुसऱ्यात 'एवढीच चूक'. तिसरंही असंच नसेल कशावरून?" मग पत्र उलटवून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे जुलैचं पत्र. तिच्या हातचं, पोस्टाच्या शिक्क्यासकट. ते असेल तर गोष्ट वेगळी. अर्जाच्या आधी तिनं नकार दिला होता हे मग माझ्या शब्दावर नाही, तुमच्या शब्दावर नाही, शिक्क्यावर उभं राहतं."

"ते खाजगी आहे."

"एकतीस जानेवारी," ते म्हणाले. "त्यानंतर मला ते लागणार नाही."

परत येताना एसटीत खिडकीशी बसलो. त्या पत्रात काय आहे ते तुला माहीत आहे. ते नुसतं सहीबद्दल असतं तर मी त्याच दिवशी नेऊन दिलं असतं. ते दिलं की माझ्याजवळ तुझ्या हातचं काही उरत नाही, हे एक. आणि ते गावात वाचलं जाईल, हे दुसरं. दोन्हीतलं जास्त कशाला भितो ते मला ठरवता येईना.

महालिंग

&nbsp;

तामलवाडी,
६ जानेवारी १९७५

जाई,

दिलं.

मीच साहेबांना कळवलं, या. ते शनिवारी आले. पंच म्हणून आबाराव आणि शाळेचे मास्तर. सोसायटीतच पंचनामा. तुझी सही ओळखायला श्रीपतीमामांना बोलावलं होतं. कुणीतरी दुकानात जाऊन सांगितलं, तर अप्पाही आले आणि खताच्या पोत्यांपाशी उभे राहिले. अप्पांना मी नको म्हणू शकलो नाही.

साहेबांनी मामांपुढं पत्र धरलं. "ही तुमच्या मुलीची सही का?"

मामा म्हणाले, "वाचता येत न्हाय, साहेब. पर ती ज-ची शेपटी अशी खाली वढती. पाटीवर पहिल्यांदा लिवलं तवापासनं. मास्तर मारायचे तरी सोडली न्हाय."

मग अर्जावरची सही दाखवली. मामांनी वाकून बघितली. "ही तिची न्हाय. हिची शेपटी लई जपून काढल्याली हाय."

दुपारभर गिरवली होती मी ती.

साहेब म्हणाले, मजकूर पंचांसमोर वाचावा लागेल. मी म्हणालो, फक्त सहीचा भाग वाचा. ते म्हणाले, तुकडा वाचला तर उरलेल्यात काय होतं हा प्रश्न राहतो. ते बरोबर होतं. मीच तर थप्पीच्या आत पाय सोडून बघायला सांगत होतो.

त्यांनी वाचलं. तुझंच लिहिलेलं आहे, पण तिथं कसं ऐकू आलं ते तुला कळावं म्हणून उतरवतो. पत्र आता माझ्याकडं नाही. हे पाठ आहे.

"महालिंग, अर्जावर मी सही करणार नाही. माझं नाव वापरू नकोस. तुला बॉम्बचा राग आहे, असू दे. मलाही सगळंच पटतं असं नाही. पण मी इथं जे करते ते कुणीतरी केलंच पाहिजे. भट्टीवर जाणाऱ्या माणसाच्या छातीवर बिल्ला असतो, त्यात फिल्म असते. ती धुऊन बघायची, किती किरणं लागली. जास्त लागली की त्या माणसाला आत सोडायचं नाही. कुणी साताऱ्याचा आहे, कुणी नांदेडचा. बॉम्ब असला तरी ती माणसं आहेत, नसला तरी आहेत.

दुसरं. लग्नाचा विषय पुन्हा काढू नकोस. तुझ्या वडलांच्या दुकानात माझ्या बाबांना चहा कान तुटलेल्या कपात मिळतो. तो कप बाहेरच्या कोनाड्यात पालथा असतो. तू रोज त्याच्यावरून जातोस. व्हिएन्नाला अर्ज करतोस. घरात एक तरी केलास का?"

साहेब पान उलटून आणखी काही आहे का बघत होते. अप्पांचा आवाज आला, "साकु." ते रागात किंवा दुःखात असले की कानडीत जातात. मग साहेबांना कळावं म्हणून मराठीत म्हणाले, "पुरे, साहेब. पुरे."

"संपलंच आहे," साहेब म्हणाले. त्यांनी पाकिटावरचा शिक्का भिंगातून बघितला, मास्तरांना दाखवला, आबारावांना दाखवला. दोघांनी सह्या केल्या. मग माझा जबाब. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. "सदर सही मी तिच्या नकारानंतर, तिला न कळवता केली. माझा आणि सदर कुमारीचा कसलाही संबंध नाही व नव्हता." एवढे अर्ज लिहिले मी, पण हा एकच एकट्याच्या सहीचा.

"व नव्हता" लिहिताना हात थांबला. साहेबांनी घाई केली नाही. तुझं पत्र टेबलावरच होतं. ते तेच सांगत होतं. मी लिहिलं.

बाहेर आलो तर अप्पा मामांना म्हणत होते, "श्रीपती, दुकानाकडं चल. च्या घे." त्यांचा आवाज मला ओळखू येईना. आम्ही तिघं चालत गेलो. अप्पांनी स्वतः आत जाऊन घरातल्या कपात चहा आणला, बशीसकट, आणि मामांपुढं धरला.

मामा म्हणाले, "न्हाय अप्पा. म्या तुमच्याकडचा च्या सोडलाय."

"कधीपासनं?"

"जाई कालेजला गेली त्या दिवसापासनं. चार-पाच वर्सं झाली असतील."

अप्पा म्हणाले, "आमच्या ध्यानात न्हाय आलं."

"व्हय," मामा म्हणाले. "न्हाय आलं."

आणि ते गेले. अप्पा कप धरून उभे होते. चहा बशीत सांडत होता. मी आत जाऊन घरातला माझा पहिला अर्ज करायला पाहिजे होता. पण तुझ्या पत्रानं तो आधीच केला होता, मी नाही.

महालिंग

&nbsp;

तामलवाडी,
९ फेब्रुवारी १९७५

जाई,

हे शेवटचं. साहेबांनी एका पत्राची परवानगी दिलीय. प्रकरण बंद झालं की आधीची सगळी तुला एकत्र देतील म्हणाले. तारखा घातलेल्या आहेत. पण सगळी वाचलीच पाहिजेस असं नाही.

तुला बिल्ला परत मिळाला, कायम केलं, हे आबारावांकडून कळलं. मामांनी तुझं ते पत्र मास्तरांकडून वाचून घेतलं. बरोबर केलं. पेढे वाटले. मला घरी आणून दिला नाही, पण सोसायटीत आबारावांच्या टेबलावर कागदात दोन ठेवून गेले. एक आबारावांचा. दुसरा कुणाचा ते बोलले नाहीत. आबाराव म्हणाले, "खा रं, माशा बसत्यात." मी खाल्ला.

सोसायटीतलं माझं काम या महिन्याअखेर संपतंय. आबारावांना वाईट वाटलं. म्हणाले, "तू गाव जगवलंस ते बी खोट्या सह्यांवर, आन् आता घालवतोय ते बी त्याच्यापायी. मला काय बोलावं कळंना." तुळजापूरच्या कोर्टात तारीख आहे. वकील म्हणतात, कबूल केलंय, पहिलाच गुन्हा आहे, जामिनावर समज देऊन सोडतील. तुला न लिहिण्याची हमी मी वेगळ्या कागदावर दिलीय. ती कुणी मागितली नव्हती असं समज.

काल धुरपताबाई आली. रेशनकार्डाचा अर्ज. मुलगा पुण्याला. म्हणाली, "त्याची बी तूच कर." मी म्हणालो, मावशी, त्याला बोलावून घे. ती म्हणाली, "दुष्काळात बरा करीत हुतास! आता पाऊस झाला तर लई कायदा आला व्हय?" शिव्या देत गेली. संध्याकाळी परत आली, पोस्टकार्ड घेऊन. मुलाला बोलावणं लिहून दिलं. पुढच्या रविवारी ये म्हणून.

एक गोष्ट तुझ्या केंद्राच्या गेटवर पत्रं उघडणाऱ्या साहेबांनीही वाचावी अशी लिहितो. अर्जात जे मागितलं ते मला अजून बरोबरच वाटतं. सगळ्यांचं मोजलं पाहिजे, आतून मोजलं पाहिजे, मोठ्यांचं आधी. आपल्या सरकारनं करारावर सही करावी की मोठे हटेपर्यंत थांबावं, यावर आपण दोघं भांडलो असतो आणि तू जिंकली असतीस, कारण तुला आकडे माहीत असतात. पण ती सही ज्याची त्यानं करायची. ती दुसऱ्यानं टाकून देता येत नाही, जागा धरल्यासारखी. एवढं कळायला मला तुझं वर्ष जवळजवळ घालवावं लागलं.

तुझी प्रॅक्टिकलची वही मामांकडं दिलीय. त्यांनी विचारलं नाही, कुठून आली.

उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर दोन ठिकाणी उघडतील आणि तुझ्या फायलीत एक कागद वाढेल. साहेब म्हणतात, ज्याच्या फायलीत कागद कमी तो आत पुढं जातो. तू पुढं जा. साताऱ्याच्या, नांदेडच्या माणसांच्या फिल्म धुऊन बघ. कुणाला जास्त लागली असतील तर त्याला बाहेर काढ, तो कितीही मला जाऊ द्या म्हणाला तरी.

पत्र कुणाचं हा प्रश्न कुणाला पडू नये म्हणून पूर्ण नाव लिहितो. या कागदावर दुसऱ्या कुणाची सही नाही. खाली सही आहे ती माझी, माझ्याच हातची.

महालिंग चन्नबसप्पा कोरे
मु. पो. तामलवाडी, ता. तुळजापूर